पीएच.डी.धारकांची गणना: आकडा कुठून येतो आणि कुठे फसवतो

अमेरिकेत यंदा किती भारतीयांना पीएच.डी. मिळाली, त्यांतले किती जण तिथेच राहणार, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून छापून येतात. त्यांतल्या बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी एकच पाहणी असते, ती म्हणजे 'सर्व्हे ऑफ अर्न्ड डॉक्टरेट्स', थोडक्यात एसईडी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेचा सांख्यिकी विभाग ती करून घेतो आणि १९५७पासून ती दरवर्षी होते आहे. नावात 'सर्व्हे' असला तरी ही नमुना पाहणी नाही. १ जुलै ते ३० जून या वर्षात संशोधनपर डॉक्टरेट मिळवलेल्या प्रत्येकाला प्रश्नावली जाते, म्हणजे ही गणनाच आहे. नमुना निवडण्यातून येणारी चूक इथे नसते. चुका येतात त्या व्याख्येतून, प्रश्न विचारण्याच्या वेळेतून आणि कोरी सोडलेल्या उत्तरांतून.

आधी व्याख्या. एम.डी., दंतवैद्यक, कायद्याची जे.डी., फार्म.डी. या व्यावसायिक पदव्या एसईडीत धरत नाहीत. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीत मात्र 'डॉक्टर्स डिग्री' या एका शब्दाखाली हे सगळं येतं आणि बेरीज पावणेदोन लाखांच्या पुढे जाते. एसईडीचा आकडा पंचावन्न हजारांच्या आसपास असतो. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. शिवाय खात्याच्या तक्त्यात पदव्या मोजलेल्या असतात, एसईडीत माणसं. शिक्षणशास्त्राचा २०१०-११च्या आसपासचा आलेख पाहिला तर डॉक्टरेटची संख्या एकदम घसरलेली दिसते. शिक्षणशास्त्राकडे विद्यार्थी येईनासे झाले, असं त्यावरून लिहिणारेही सापडतात. प्रत्यक्षात त्या काळात एड.डी.चे (शिक्षणशास्त्रातल्या डॉक्टरेटचे) शंभरावर अभ्यासक्रम 'संशोधनपर'मधून काढून 'व्यावसायिक' गटात टाकले गेले होते.

माहिती गोळा होते ती विद्यापीठांच्या पदव्युत्तर कार्यालयांमार्फत. तिथला समन्वयक प्रबंध जमा करायला आलेल्या विद्यार्थ्याला ऑनलाइन प्रश्नावलीची लिंक देतो. पुढे पदवी मिळालेल्यांची अधिकृत यादी येते आणि ती भरलेल्या प्रश्नावल्यांशी ताडली जाते. यादीत नाव आहे पण प्रश्नावली नाही, अशांना ईमेल जातात, मग फोन. तरीही उत्तर मिळालं नाही, तर नाव, संस्था, विषय, वर्ष एवढी जुजबी नोंद विद्यापीठाकडून किंवा सार्वजनिक कागदपत्रांतून भरून घेतात. म्हणून एकूण संख्या जवळपास पूर्ण असते, पण कर्ज, आईवडिलांचं शिक्षण, पुढचा बेत या रकान्यांत तसं नसतं. प्रतिसाद नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, आणि जगभरच्या पाहण्यांच्या मानाने तो हेवा वाटावा इतका चांगला आहे. पण ही झाली सरासरी. एखाद्या विद्यापीठात समन्वयक बदलला की तिथला प्रतिसाद कोसळू शकतो. एकाच विद्यापीठाच्या आकड्यांवर काही लिहायचं असेल, तर आधी तिथे किती जणांनी स्वतः उत्तर दिलं ते पाहावं.

ताडणीत आपली नावं त्रास देऊ शकतात. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, प्रबंधावर फक्त आद्याक्षर, लग्नानंतर आडनाव बदललेलं. यंत्राला हे तीन वेगळे लोक वाटू शकतात. पहिल्या पदवीच्या संस्थेचंही तसंच. मुलगी पुण्याच्या एका महाविद्यालयात शिकली, पदवी विद्यापीठाची. रकान्यात ती काय लिहील? २०१४च्या आधी 'पुणे विद्यापीठ', नंतर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीओईपी, २०२२पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, त्याआधीच्या पदव्या दुसऱ्या नावाने. कोणत्या भारतीय संस्थेतून किती जण अमेरिकेत डॉक्टर झाले, अशी क्रमवारी या आकड्यांवरून लावायची असेल, तर नावांची सगळी रूपं आधी एकत्र करायला हवीत. ते केलेलं नसेल, तर ती क्रमवारी बाजूला ठेवलेली बरी.

भारतीय वाचकाने सगळ्यात जपून वाचायचा तक्ता म्हणजे 'तिथेच राहणार' हा. प्रश्नाचा रोख असा असतो: येत्या वर्षभरात तुम्ही कुठे राहणार आहात? आयुष्यभराचा बेत कोणी विचारलेला नसतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला शिक्षणानंतर बारा महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांत आणखी चोवीस. म्हणजे ज्याला शेवटी परतायचं आहे तोही वर्षभराच्या प्रश्नाला 'अमेरिका' असंच उत्तर देतो. या टक्केवारीतून 'ब्रेन ड्रेन'चा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. खरोखर किती जण राहिले ते पाहायचं तर 'सर्व्हे ऑफ डॉक्टरेट रेसिपियंट्स' ही दुसरी पाहणी घ्यावी. १९७३पासूनची ही पाहणी साधारण दर दोन वर्षांनी होते. ती एसईडीच्या नोंदींतून नमुना काढते आणि त्याच माणसांना पुन्हापुन्हा गाठते. मर्यादा तिलाही आहेत: विज्ञान, अभियांत्रिकी, आरोग्य एवढेच विषय, आणि वय पंचाहत्तरपर्यंत.

याच जागी आणखी एक गोंधळ होतो. देशवार तक्ते तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांचे असतात, वंशवार तक्ते बहुधा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे. ग्रीन कार्ड मिळालेला नागपूरकर 'भारत' या ओळीत सापडत नाही, तो 'एशियन'मध्ये जातो. कायदा बदलला तर माणसं रातोरात एका तक्त्यातून दुसऱ्यात जातात. १९९२च्या चायनीज स्टुडंट प्रोटेक्शन ॲक्टमुळे हजारो चिनी विद्यार्थी कायमचे रहिवासी झाले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या चिनी डॉक्टरेट घटल्यासारख्या दिसल्या.

पदवीला लागलेली वर्षं हा आकडाही वरवर साधा दिसतो. हिशेब पाहा. एका विभागात दरवर्षी १० विद्यार्थी येतात, निम्मे पाच वर्षांत संपवतात, निम्मे सात. प्रवेश स्थिर असतील तर सरासरी सहा वर्षं. आता पाच वर्षांपूर्वीची तुकडी २०ची होती असं समजा. यंदा बाहेर पडणाऱ्यांत पाच वर्षंवाले दहा आणि सात वर्षंवाले पाच. सरासरी ५.७ आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, थेट पाच. एकही विद्यार्थी लवकर संपवू लागलेला नाही! प्रवेश घटले की उलट घडतं. शिवाय एसईडी ही मुदत तीन तऱ्हांनी देते: पहिल्या पदवीपासून, पदव्युत्तर प्रवेशापासून, डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमापासून. मधे पाच वर्षं नोकरी केलेल्याच्या बाबतीत या तिन्हींत मोठा फरक पडतो. आणि जे मधेच सोडून गेले ते यातल्या कुठल्याच आकड्यात नाहीत.

वर्षांची तुलना करताना २०२१ जपून घ्यावं. त्या वर्षी (म्हणजे जुलै २०२० ते जून २०२१) ५२,२५० डॉक्टरेट झाल्या, आदल्या वर्षीच्या पंचावन्न हजारांहून बऱ्याच कमी. पुढच्या वर्षी ५७,५९६. कोविडमुळे प्रयोगशाळा बंद, क्षेत्रकार्य बंद, त्यामुळे लांबलेले प्रबंध २०२२मध्ये गेले. फक्त २०२१ ते २०२२ अशी वाढ मोजली तर दहा टक्के दिसते, ती खरी मानू नये. विषयांचं वर्गीकरणही २०२१पासून बदललं आहे, त्यामुळे उपविषयाच्या जुन्या मालिकेला नवे आकडे सरळ जोडू नयेत. तक्त्यात 'डी' दिसला तर तो शून्य नाही: माणूस ओळखू येऊ नये म्हणून तो आकडा झाकलेला असतो.

आपल्याकडे 'आयशे', म्हणजे उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी, आहे, पण ती संस्थांना विचारते, पीएच.डी. मिळालेल्या माणसाला नाही. २०१८-१९च्या अहवालात २०१८मध्ये ४०,८१३ पीएच.डी. दिल्या गेल्याची नोंद आहे: २३,७६५ पुरुष, १७,०४८ स्त्रिया. त्याच अहवालातली पीएच.डी.ची पटसंख्या सुमारे १.६९ लाख. दोन्हींचा भागाकार करून 'चौघांतला एकच पूर्ण करतो' असं म्हणणारे भेटतात. पट ही एका दिवसाची मोजणी आहे आणि तिच्यात पाच-सहा तुकड्या एकत्र असतात, म्हणून त्या भागाकारातून गळती कळत नाही.

एखाद्या विद्यापीठाला स्वतःपुरती अशी पाहणी सुरू करायची असेल तर प्रश्न दोन वेळांना वाटून घ्यावेत. शिष्यवृत्ती, मधला खंड, आईवडिलांचं शिक्षण हे प्रबंध जमा करतानाच विचारावं, कारण तेव्हा विद्यार्थी कार्यालयात येतोच. नोकरीचा प्रश्न मात्र पदवीचं नोटिफिकेशन निघाल्यावर. जमा करणं आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) यांत कित्येकदा अनेक महिने जातात आणि तेवढ्यात उत्तर बदलतं. फॉर्मवर गाइडची सही मागू नये. ती असली की 'शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली का' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात.