सुटलेलं जनावर

भाच्याने परवा दुपारी एक रेकॉर्ड आणली. नवीन, म्हणजे जुनीच. इ मुझिची या रोमच्या मंडळींनी वाजवलेले, विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकाराचे ‘चार ऋतू’, व्हायोलिनवर फेलिक्स आयो, ध्वनिमुद्रण १९५९ चं, आता पुन्हा नव्याने छापलेलं. तबकडी १८० ग्रॅमची. हे वजन त्याने मला तीनदा सांगितलं, नवजात बाळाचं सांगावं तसं.

“मावशी, कडेला धर. मध्ये बोट नको.”

मी आपली तळलेला पापड धरावा तशी धरली. काही हौशी लोक तर म्हणे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने, एका रेकॉर्डच्या दोन करून काढतात. आवाज आणखी खुलतो. दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू बदलायची. गुडघ्यांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

सुई टेकली आणि काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम वसंत. खरखर नाही, हिस्स नाही. भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता, नवी भाजी वाढून बायका बघतात तसा. मी मान डोलावली. पण मी कुत्र्याची वाट बघत होते.

आमच्याकडे हे संगीत आलं ते साठ मिनिटांच्या कॅसेटवरून. बाबांच्या बँकेतल्या साहेबांकडे रेकॉर्ड प्लेअर होता. एका रविवारी बाबा आमचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, पिशवीत घालून, मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले. वायरी जोडणं वगैरे कोणाला येत नव्हतं. स्पीकरसमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर टू-इन-वन, आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. साहेबांचा पॉमेरियन सोडून सगळे बसले.

त्यामुळे आमच्या वसंतात कुत्रा भुंकतो. गंमत म्हणजे विवाल्डीच्याही वसंतात भुंकतो. दुसऱ्या भागात गुराखी झाडाखाली झोपलेला असतो आणि त्याचा कुत्रा म्हणून व्हायोला, व्हायोलिनचा थोरला भाऊ, एकच सूर दोन-दोनदा ओरबाडत राहतो. पॉमेरियनची जागा तेवढी चुकली, तो पहिल्याच भागात लागला.

बाबा मूळचे गजाननबुवा जोशींच्या व्हायोलिनचे भक्त. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवतात ते खरं, हे त्यांचं मत. “हे लोक उभ्याने वाजवतात, म्हणून एवढी घाई,” असं ते उन्हाळ्यातल्या वादळाबद्दल म्हणायचे. तरी रविवारी सकाळी दाढी करताना कॅसेट हीच.

तर त्या कॅसेटचं गणित असं. वसंत आणि उन्हाळा मिळून बावीसेक मिनिटं. मग साहेबांनी रेकॉर्ड उलटली, शरद सुरू झाला आणि आतून साबुदाण्याची खिचडी आली. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शरदात शेवटी शिकार आहे, पहाटे शिंगं फुंकत, कुत्री घेऊन शिकारी निघतात. ते निघाले, जनावर उठलं, पळालं आणि खट्! टेप संपली. बाबांच्या हातात खिचडीची बशी. ती ठेवून, हात पुसून, कॅसेट उलटी घालेपर्यंत थेट हिवाळा लागला होता.

हिवाळ्याच्या मधल्या भागात बाहेर पाऊस पडतो, आत शेकोटीपाशी निवांत बसलेत. व्हायोलिनं नुसती बोटांनी छेडतात, पागोळ्या गळल्यासारखी. हिवाळ्यात पाऊस कसा, हे आम्हाला कोडंच होतं. मग उरलेल्या जागेत बाबांनी रेडिओवरून नाट्यगीतं भरली. अजूनही हिवाळा संपला की माझा कान ऑर्गनकडे लागतो.

शिकारीचा शेवट मला फार उशिरा कळला. १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला हे कॉन्चेर्टो (मुख्य व्हायोलिन आणि साथीला वाद्यवृंद अशा रचना) छापले तेव्हा प्रत्येक ऋतूबरोबर एक सुनीत दिलं होतं. त्याचं भाषांतर एकदा हाती आलं. जनावर बंदुकांच्या आणि कुत्र्यांच्या आवाजाने घाबरतं, जखमी होतं, पळून पळून थकतं आणि मरतं. स्वच्छ लिहिलंय. आमच्या घरात ते वीस वर्षं प्रत्येक रविवारी सुटत होतं.

परवा ते मेलं. आयोचं व्हायोलिन धावतं, अडखळतं, पुन्हा उठतं, आणि १८० ग्रॅमच्या तबकडीवर त्यातला एकेक श्वास मोजता येतो. भाचा डोळे मिटून ऐकत होता. मी बाजूच्या खुर्चीचं कव्हर नीट करत बसले.

“कसं वाटलं?”

“छान. आवाज स्वच्छ आहे.”

बाबांनी हा शेवट कधी ऐकला का? त्यांच्याकडे तर तीच एक कॅसेट होती. साहेबांकडे पुन्हा कधी जाणं झाल्याचं मला आठवत नाही, आणि आता विचारायला दोघंही नाहीत.

भाचा रेकॉर्ड आठवडाभर ठेवून गेलाय. काल दुपारी लावली. दोन ऋतूंच्या मध्ये खाचांची जरा मोकळी पट्टी असते, चष्मा लावला की दिसते. हात थोडा हलला, पण सुई बरोबर तिथेच टेकवली. हिवाळ्यापासून.