मुंबई रिकामी होतेय आणि आम्ही नालासोपाऱ्यात मावत नाहीयोत

परवा ट्रेनमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर 2011 च्या जनगणनेचे आकडे बघत होतो. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, त्याची लोकसंख्या 2001 ला साधारण 33 लाख 38 हजार होती ती 2011 ला 30 लाख 85 हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी! त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर वेगळा नव्हता, तो 2014 ला झाला) 81 लाखांवरून थेट 1 कोटी 10 लाखांवर. 1991 ला तो 52 लाखच होता, म्हणजे वीस वर्षांत दुप्पट. मधलं उपनगर, वांद्रे ते दहिसर-मुलुंड, तेही फक्त 8 टक्क्यांनी वाढलं.

त्या अडीच लाखांत आम्ही पण आहोत. आजोबा गिरणीत होते, लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही नऊ जण. 82 चा संप झाला आणि मग घरातलं सगळंच हळूहळू सुटत गेलं, काकांची लग्नं झाली, खोली कोणाला पुरणार, शेवटी ती विकून तिघा भावांनी पैसे वाटून घेतले आणि एक डोंबिवलीला, एक बदलापूरला, आम्ही नालासोपाऱ्याला. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं अशीच गेली. लोक म्हणतात मुंबईतली माणसं बाहेर गेली, अरे गेली कुठे, परवडेना म्हणून जावं लागलं!

आणि कामं मात्र तिथेच राहिली. माझं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्याच कंपाऊंडमध्ये. सकाळी नालासोपाऱ्याला चर्चगेटच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते म्हणून मी आधी उलटा विरारला जातो, तिथून तीच गाडी पकडून बसून येतो. वीसेक मिनिटं जास्त जातात पण दीड तास उभं राहण्यापेक्षा बरं. माझ्यासारखे शेकडो जण रोज हेच करतात, डब्यात आमचा ग्रुपच झालाय, एकमेकांच्या घरची लग्नं-बारशी सगळं माहीत असतं.

वसई-विरार महानगरपालिका झाली 2009 ला, 2011 ला तिथे 12 लाखांवर माणसं होती. त्यानंतर मोजलंच नाही कोणी, 2021 ची जनगणना झालीच नाही. आमच्या गल्लीत तेव्हा चार बिल्डिंगा होत्या, आता एकोणीस आहेत, मी मोजल्यात. पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर, आणि पहिल्या माळ्यावरच्या काकू रात्री दोनला उठून ड्रम भरतात कारण तेव्हाच प्रेशर येतं. योजना आखणारे अजून बारा लाखच धरून बसले असतील तर पाणी पुरणार कसं?

मागच्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा हायवेने परळला न्यावं लागलं. घोडबंदरच्या फाट्यापासून दहिसर नाक्यापर्यंत पाऊण तास गाडी हलली नाही, मी मागे त्यांचा हात धरून बसलेलो. बाबा वाचले. पण इतक्या माणसांना इकडे आणून बसवलंय तर हार्टचं एक मोठं सरकारी हॉस्पिटल इकडेच पाहिजे, विरारच्या गाड्या सगळ्या पंधरा डब्यांच्या पाहिजेत, आणि जनगणनेवाले दारात येतील तेव्हा आमच्या एकोणीस बिल्डिंगांतलं एक पण घर सुटता कामा नये. मी स्वतः त्यांच्याबरोबर जिने चढायला तयार आहे.