तुम्ही विचारलंत म्हणून: ॲलिस इव्हान्सचा तास

ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांतून माणसात येणाऱ्या तापाच्या जंतूचा, धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" स्टाफरूममध्ये जरा सभ्यपणे विचारतात. या जंतूला दोन तास पुरतात, मग तिसरा अख्खा तास ॲलिस इव्हान्स या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ बाईवर कशाला? आजवर मी "मुलींना हुरूप येतो" एवढं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण मी तो तास त्यासाठी घेत नाही.

१९२८ साली ती सोसायटी ऑफ अमेरिकन बॅक्टेरिऑलॉजिस्ट्सची पहिली स्त्री-अध्यक्ष झाली, हे तुम्हाला पाठ आहे. मला त्याआधीचं मोलाचं वाटतं. पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याची मुलगी. चार वर्षं शाळेत शिकवल्यावर खेड्यातल्या शिक्षकांसाठी फुकट असलेला निसर्ग-अभ्यासाचा कोर्स करायला ती कॉर्नेलला गेली आणि तिथून जंतुशास्त्राकडे वळली. डॉक्टरेट केली नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यात दुधातले जंतू तपासताना तिनं दोन जंतू शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. एक डेव्हिड ब्रूसला १८८७ साली माल्टात तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत सापडलेला, त्याला मायक्रोकॉकस म्हणत. दुसरा बर्नहार्ड बांगनं १८९७ साली डेन्मार्कमध्ये गाभडणाऱ्या गाईंत शोधलेला, तो बॅसिलस. नावातच एक गोल आणि दुसरा दांडीसारखा. एक माणसांच्या डॉक्टरांकडे, दुसरा गुरांच्या. त्यामुळे त्यांचं नातं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते जवळचे भाऊबंद निघाले, दोघेही आजचे ब्रुसेला, आणि गाईचा जंतू धडधाकट दिसणाऱ्या गाईंच्या दुधातही होता. मग कच्चं दूध पिणाऱ्याचं काय? १९१७ साली तिनं हे मांडलं, तर असं काही असतं तर आधीच कुणा मोठ्या जंतुशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं असतं, असं तिला ऐकावं लागलं. १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जंतुशास्त्रज्ञ कार्ल मायर यांनी पडताळून पाहिलं. ती बरोबर होती.

एवढं दोन तासांत बसतं. तिसरा तास १९२२ सालासाठी आहे.

त्या वर्षी प्रयोगशाळेत काम करताना त्याच जंतूनं तिला धरलं. ताप यायचा, उतरायचा, महिन्यांनी पुन्हा यायचा. डॉक्टरांनी निदान केलं न्यूरास्थेनिया, म्हणजे आपल्याकडे सांगतात तसं, बाई, हे तुमच्या मनाचं आहे. या आजारावर जगात तिच्याइतकं जाणणारी माणसं मोजकी होती, तरी तिचं दुखणं तिच्या शब्दावर कुणी खरं धरलं नाही. पुढे एका शस्त्रक्रियेत तिच्या शरीरातून घेतलेल्या नमुन्यात तो जंतू वाढला, तेव्हा धरलं. दुखणं मात्र वीसेक वर्षं पुरलं.

आता आईचं सांगते. हे मी वर्गात कधीच सांगितलेलं नाही.

२००९ च्या पावसाळ्यात आमच्या गावाकडची गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती. गुरांचा डॉक्टर संध्याकाळपर्यंत येणार नव्हता, म्हणून आईनं कोपरापर्यंत हात घालून ती काढली. तिनं हे मला फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, "गाय वाचली ना? मग झालं."

महिनाभरानं तिला कणकण सुरू झाली. संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घामानं चोळी भिजून पिळायला यायची, कंबर धरायची. तालुक्याला टायफॉइडची विडाल चाचणी केली, टायफॉइडच्या गोळ्या झाल्या. मलेरियाच्याही झाल्या. दोन आठवडे बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. दिवाळीत ती माझ्याकडे आली तेव्हा थर्मामीटरवर काही दिसत नव्हतं. आदल्याच वर्षी बाबा गेले होते. मी तिला समजावलं, "आई, तू विचार फार करतेस. एकटी असतेस ना, म्हणून." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय हौस आहे का गं?" त्यानंतर माझ्याकडे असेपर्यंत तिनं तापाचं नाव काढलं नाही. रात्री उठून चोळी बदलायची, मला कळू न देता वाळत घालायची. मला सकाळी दोरीवर दिसायची.

त्याच सत्रात मी ब्रुसेला शिकवत होते. उतरता-चढता ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, गाभडलेल्या जनावराशी संपर्क. फळ्यावर माझ्याच अक्षरात.

माझी बाजूही आहे, ती मांडते. मी डॉक्टर नाही. हा जंतू हळू वाढतो, आजार पन्नास दुखण्यांसारखा दिसतो, तालुक्याच्या डॉक्टरांनाही सुचलं नाही. बाबांचं दुःख खोटं नव्हतं. हे सगळं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. तेव्हाची मी पस्तिशीची, एम.एस्सी., नेट, सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेच खरं मानणारी. तिला आज विचारावंसं वाटतं, की मग तू पाहिलं का नाहीस? तू तर न पाहताच ठरवलंस. ती म्हणते, आई होती ती माझी, पेशंट नव्हती. यावर मला उत्तर सापडत नाही.

अकराव्या महिन्यात एका तरुण डॉक्टरनं आईला विचारलं, "घरी जनावरं आहेत का?" आईनं वारेचं सांगितलं. रक्तचाचणीत ब्रुसेला निघाला. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे. ताप गेला, कंबर अजून दुखते.

एका सहकाऱ्याला मागं हे सांगितलं तर तो म्हणाला, मग आईचंच सांगा ना वर्गात, त्या अमेरिकन बाईचं कशाला? मला ते जमत नाही. इव्हान्सचं सांगताना मी अविश्वास दाखवणाऱ्या डॉक्टरांवर रागावू शकते. आईचं सांगायला लागले तर तो राग कुणावर करायचा, ते मला माहीत आहे. म्हणजे मुलांच्या तासाला मी माझं प्रायश्चित्त उरकते का? असेल. पण आपल्या वर्गातली निम्मी मुलं गोठा असलेल्या घरांतून येतात, हेही खरंच.

आईला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. तिनंही ती दिवाळी कधी काढली नाही. आताही गाय व्यायला झाली की फोन करते आणि आधीच सांगून टाकते, "हातमोजे घातलेत गं."

यंदाचा तास पुढच्या गुरुवारी आहे. पोर्शन मागं पडला तर शनिवारी जादा घेईन.