पोच घेतलीस का?

निपाणीत आमच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आईचं बिडी कामगाराचं ओळखपत्र, तिची लॉगबुकं, पीएफचे कागद आणि बिडी कामगारांच्या मुलांना मिळते त्या शिष्यवृत्तीचे माझे दोन फॉर्म. आईला लिहिता-वाचता येत नाही. पण बिड्या किती दिल्या, छाट म्हणजे नापास बिड्या किती निघाल्या, हे समोरच्याकडून वहीत चढवून घेतल्याशिवाय ती रिकामं सूप उचलायची नाही. "लिव म्हनायचं, आन् लिवलेलं कुनाकडनं तरी वाचून घ्याचं."

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून नर्स झाले. बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं काढली. नाव सांगत नाही, अजून तिथंच आहे.

नर्सिंगला पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात बसवतात : जे लिहिलं नाही, ते केलं नाही. रात्री दोनला ताप किती होता, सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, सगळं वेळेसकट, सहीसकट. माझ्या हातनं अशी हजारो पानं भरली असतील. आणि माझ्याबद्दलचा कागद? पगार तोंडी ठरलेला. डबल ड्युटी फोनवर. मूळ सर्टिफिकेटं पहिल्या दिवशी ऑफिसच्या कपाटात गेली, त्याची साधी पावती नाही. अकरा वर्षांत हे मला कधी खटकलं नाही, याचंच आता हसू येतं.

खटकलं ते २०२२च्या डिसेंबरात. माझ्या वॉर्डातली खानापूरची एक सिस्टर पाच महिन्यांची गरोदर होती. मेट्रननी तिला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "राजीनामा दे बाळा. लेकरू मोठं झालं की ये परत, जागा कुठं जाते?" आवाज अगदी मायेचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण कुणी ओरडलं असतं तर तिनंही उलट उत्तर दिलं असतं. मायेनं बोलल्यावर ती "हो मॅडम" म्हणून बाहेर आली आणि लिननच्या खोलीत रडत बसली.

मी आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न : "लिवून दिलं का तिनं?" नाही म्हटलं. "मग कशाचा राजीनामा? उद्या हिकडं ये."

त्या दिवसांत महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरून गाड्यांना काळं फासणं, दगडफेक चालू होती. महाराष्ट्राच्या एस्ट्या बंद, आपल्या कर्नाटकच्या गाड्यांना ही गर्दी. नाईट करून तशीच निपाणीपर्यंत उभ्यानं गेले. आई मला बिडी कामगारांच्या युनियनमध्ये पूर्वी काम केलेल्या एका मास्तरांकडे घेऊन गेली. मास्तरांनी आधी विचारलं, बारा महिन्यांत ८० दिवस भरलेत का? मला हसूच आलं, आमचे ८० दिवस तीन महिन्यांत भरतात. मग म्हणाले, बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे, आणि त्या रजेत कामावरून काढता येत नाही. हॉस्पिटल म्हणजे सेवा, तिथं कामगार कायदा कुठला, असं कुणी म्हणालं तर १९७८ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगायचा : हॉस्पिटल हासुद्धा उद्योगच. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे कापत असतील तर रजेचे पैसे ईएसआय देतं, हॉस्पिटलच्या खिशाला हातही लागत नाही. हे मला खरंच माहीत नव्हतं. मेट्रनलाही नसावं.

रजेचा अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.

हॉस्पिटलच्या आवक खिडकीवरचा क्लार्क अर्ज ठेवून घ्यायला तयार, शिक्का मारायला नाही. "नाळे बन्नी," म्हणाला, म्हणजे उद्या या. आम्ही चौघी उभ्या. माझं कन्नड पेशंटांकडून शिकलेलं. कुठं दुखतंय, जेवलात का, एवढ्यापुरतं. भांडायला ते पुरत नाही. गोकाकची सिस्टर पुढं झाली, "इवत्ते बेकु, सर." आजच पाहिजे. तो स्टॅम्पपॅड शोधू लागला. पॅड त्याच्या हाताखालीच होतं. चाळीस मिनिटं. खानापूरची बुटांच्या लेस सैल करून भिंतीला टेकली होती, पाय सुजलेले. शेवटी शिक्का बसला, तारीख जरा वाकडी.

नवव्या दिवशी रजा मंजूर झाल्याचं पत्र आलं. मला त्यानंतर दोन महिने जवळजवळ नाईटच नाईट लागल्या. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेवढं कळतं.

आमच्याकडच्या केरळच्या नर्सला, तिला आम्ही चेची म्हणजे ताई म्हणतो, या प्रकाराचं काही नवल नव्हतं. तिकडं २०११मध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली, संप झाले, २०१८मध्ये सरकारनं खासगीतल्या नर्सचं किमान वेतन २० हजार ठरवलं. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं २०१६मध्येच म्हटलं होतं की ५०पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही २० हजारांच्या खाली जाऊ नका, आणि २००च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्या. मी हे टिफिन खाताना वाचून दाखवलं तेव्हा एकजण म्हणाली, "खाटा मोजायला कोण येणार, त्याच दिवशी दोन काढून ठेवतील."

युनियन नोंदवायला किमान सातजणी लागतात. माझ्या वहीत पाच नावं आहेत. एकीचा नवरा नको म्हणतो, एकीचं सर्टिफिकेट कपाटात अडकलंय.

खानापूरची रजेवरून परत आली, वर्षभर राहिली आणि मग चंदगडकडे नोकरी बघितली. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, तासाभराचा रस्ता. पण तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेगळी, त्यासाठी मूळ कागद हवेत. ते कपाटातून सुटायला चार महिने गेले. सुटले त्या दिवशी तिनं मला फोन केला. मी आईला सांगितलं.

"दिलं काय समदं? मोजून घेतलं न्हवं तिनं?"