आमची वाटचाल : बॅटरी उघडून बघणारं दुकान

सांगलीत खणभागात आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, रिमचा आऊट काढायचा आणि दिवाळीआधी ओव्हरऑइलला आलेल्या सायकलींच्या बेअरिंगचे छर्रे रॉकेलात धुवायचे. शाळेतून आलो की छर्रे मोजायचं काम माझ्याकडे असायचं. जितके निघाले तितकेच परत बसले पाहिजेत, एकही कमी चालायचा नाही. एखादा घासलेला दिसला तर आण्णा अख्खा संच बदलायचे. जुन्यांत एक नवा घातला की सगळा भार त्याच्यावर येतो आणि कप खराब होतो, असं ते सांगायचे. हे बॅटरीच्या सेललाही तसंच लागू पडतं, हे मला वीस वर्षांनी कळलं.

पहिली इलेक्ट्रिक सायकल दुकानात आली ती विकायला नव्हे, दुरुस्तीला. लेड ॲसिडची, 12 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या कॅरिअरखाली पेटीत बसवलेल्या. नुसत्या बॅटऱ्यांचंच वजन बारा किलोच्या घरात. आण्णांनी मागची बाजू उचलून बघितली आणि म्हणाले, "चार्जिंग संपल्यावर हे पायडल मारून घरी न्यायचं म्हणजे गड्याचं काम हाय. बाईमाणसानं काय करायचं?" तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. लिथियमच्या सायकली हातात आल्यावर मी पहिल्यांदा तेच बघितलं. बॅटरी काढून बाजूला ठेवून पाच किलोमीटर चालवली. चालली. मग ठरवलं, हाच धंदा करायचा.

2019 च्या 1 ऑगस्टपासून इलेक्ट्रिक वाहनांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. इलेक्ट्रिक सायकल त्यातच मोडते. आम्ही थोडं कर्ज काढून सहा सायकली भरल्या. आठवड्याच्या आत कृष्णा गावात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सायकली आम्ही माळ्यावर टांगल्या म्हणून वाचल्या, पण दुरुस्तीला आलेल्या बॅटऱ्या आणि चार्जर खालच्या फळीवरच राहिले. त्यांची आठवण झाली तेव्हा दुकानात छातीइतकं पाणी होतं.

पाणी ओसरल्यावर लोक भिजलेल्या बॅटऱ्या घेऊन यायला लागले. कुणी गच्चीवर उन्हात वाळवून आणली, कुणी केसांच्या ड्रायरनं. बाहेरून कोरड्या ठणठणीत. एक उघडली तर आत गाळाचा थर, पट्ट्यांवर तांबूस गंज आणि बीएमएसच्या, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या, पायांवर हिरवं चढलेलं. गढूळ पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे सायकल बंद असली तरी आतल्या आत थोडा थोडा प्रवाह चालू राहतो आणि धातू खात जातो. आम्ही त्या सगळ्या मागच्या परसात वाळूवर, एकमेकींपासून लांब ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यातल्या एकीतून फुसफुस आवाज आला, मग पांढरा धूर. तिला कुणी हात लावला नव्हता, चार्जरही जोडला नव्हता. ती कुणाच्या तरी घरात पलंगाखाली असती तर काय झालं असतं, या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून आजही आमचा नियम आहे. पुरात बुडालेली बॅटरी आम्ही दुरुस्त करत नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी वाढलं तेव्हा वहीत नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले. 40 फूट ही इशाऱ्याची पातळी, आम्ही त्याच्या आधीच सांगायला सुरुवात केली : सायकल राहू दे, किल्ली लावा, बॅटरी काढा आणि वरच्या मजल्यावर न्या. सायकल भिजली तर हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेली मोटर, उघडून, बेअरिंग बदलून बहुतेकदा चालू करता येते. बॅटरीचं काम त्यानंतर आम्ही विश्रामबागला हलवलं, तिकडे पुराचं पाणी येत नाही.

आमच्या हातून झालेली एक मोठी चूक इथं सांगितलीच पाहिजे. सांगलवाडीच्या एका दूधवाल्यांनी आमच्याकडून सायकल घेतली. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, पुलावरून गावभागात सकाळ-संध्याकाळ रतीब. मी त्यांना 36 व्होल्ट, 7.8 ॲम्पिअर-अवरची बॅटरी असलेली सायकल दिली, कारण तीच दुकानात होती. दहा महिन्यांत ते परत आले. "मालक, दुसऱ्या फेरीत गाडी पुलावरच बसतीया. कॅन घिऊन ढकलत न्यायलोय." मी कागदावर हिशोब मांडला, जो मी विकतानाच मांडायला हवा होता. 36 गुणिले 7.8 म्हणजे 280 वॉट-अवर, एवढी वीज बॅटरीत मावते. पायडल मारत एकटा माणूस गेला तर किलोमीटरला आठ-नऊ वॉट-अवर पुरतात, तीस किलोमीटरच्या पुढे जाता येतं. पण भरलेले कॅन आणि पायडल न मारता नुसता थ्रॉटल म्हटल्यावर किलोमीटरला पंधरा वॉट-अवरपर्यंत लागतात. त्यांची एक फेरी सतरा किलोमीटरची. म्हणजे रोज दोन वेळा बॅटरी जवळजवळ रिकामी व्हायची आणि आल्या आल्या, गरम असतानाच, चार्जिंगला लागायची. साधारण पाचशे वेळा भरली-रिकामी झाली की अशा पॅकची ताकद उतरायला लागते. तो आकडा त्यांनी दहा महिन्यांतच गाठला होता. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना दुप्पट सेलचा पॅक बनवून दिला, निम्मे पैसे आमचे घातले. आजही ते येतात आणि कधी कधी खरवसाचा डबा ठेवून जातात.

तेव्हापासून सायकल दाखवायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो : रोज किती किलोमीटर, मागं काय ओझं, बॅटरी घरात नेऊन चार्ज करणार का? दूध, भाजी, सिलेंडर असं वजन असेल तर छोट्या बॅटरीची सायकल आम्ही देत नाही. माणूस दुसऱ्या दुकानात गेला तरी चालेल.

कॉलेजची मुलं वेगाचं लॉक काढून मागतात. ते आम्ही करत नाही. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तोवरच या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. लॉक काढलं की ती कायद्यानं मोटार वाहन होते, आणि अपघात झाला तर ना नंबर, ना विमा. आई-वडील सोबत असले तर हे त्यांच्यासमोरच सांगतो.

आमचं खरं काम बॅटरीच्या टेबलावर चालतं. वान्लेसवाडीचे एक निवृत्त सर, गुडघ्यांमुळे साधी सायकल सुटली होती, इलेक्ट्रिकवर पुन्हा फिरायला लागले. दोन वर्षांनी त्यांची बॅटरी पूर्ण चार्ज दाखवायची आणि दहा किलोमीटरवर बंद पडायची. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी नवीनच घ्या म्हणून सांगितलं, बारा हजारांच्या पुढचा आकडा. वर सुटी बॅटरी घेतली की जीएसटी 18 टक्के. सर म्हणाले, "पेन्शनीत बसत नाही हो हे. उघडून तरी बघा."

उघडली. आत तीस सेल, तीन-तीनचे दहा गट. मीटर लावत गेलो : नऊ गट साडेतीन व्होल्टच्या आसपास, सातवा 2.78. सातव्यातल्या तीनपैकी एका सेलवरची निकेलची पट्टी रस्त्यांच्या दणक्यांनी वेल्डपासून सुटली होती. तो सेल एकटाच 3.86 वर नुसता बसून होता आणि तिघांचं काम दोघं ओढत होते. ते दोघे आधी संपायचे, आणि एक गट संपला की बीएमएस सगळी बॅटरी बंद करतो, बाकीचे नऊ भरलेले असले तरी. सुटा सेल लगेच जोडायचा नसतो, नाहीतर तो कमी व्होल्टेजच्या दोघांत धाडकन प्रवाह सोडतो. आधी तिघं एका व्होल्टेजला आणले, मग स्पॉट वेल्डरनं शुद्ध निकेलची नवी पट्टी मारली, मग दहाही गट सारखे केले. पोरगा आणि मी, दोन संध्याकाळ लागल्या. सातशे रुपये घेतले. नवी बॅटरी विकली असती तर जास्त सुटले असते, पण त्या महिन्यात सरांच्या ओळखीनं चार सायकली गेल्या.

प्रत्येक वेळी असं जमत नाही. फुगलेला किंवा हाताला गरम लागणारा पॅक आम्ही उघडत नाही. सगळेच सेल थकले असतील तर एकदोन नवे घालून देत नाही, आण्णांचे छर्रे आठवतात. अशी बॅटरी भंगारवाल्याला द्यायला कुणी निघालं तर आम्ही ती मागून घेतो. तो हातोड्यानं फोडतो, आणि आत थोडा चार्ज उरला असेल तर पेट घेते. टोकांना टेप लावून ती वाळूच्या पिंपात जाते, पुरेशा जमल्या की रीसायकलिंगचा परवाना असलेल्यांकडे पाठवतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी बनवणाऱ्यावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे, म्हणून बिल जपून ठेवा असं प्रत्येकाला सांगतो.

देखभालीचं विचाराल तर फार काही नाही. फिरून आल्यावर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, मग चार्जर लावा. रात्रभर उशाशी चार्जिंग नको. सर दोन महिने मुलीकडे पुण्याला जातात तेव्हा बॅटरी अर्धी भरून कपाटात ठेवतात, पूर्ण भरून नाही आणि रिकामीही नाही. मशीनच्या जोराच्या पाण्यानं सायकल धुऊ नका, मोटरच्या एक्सलमधून जिथं वायर आत जाते तिथून पाणी शिरतं. मागच्या चाकाचे स्पोक महिन्यातून एकदा बोटानं वाजवून बघा, मोटरच्या ओढीनं तेच आधी ढिले होतात.

सध्या आम्ही आठ भाड्याच्या बॅटऱ्या तयार करतोय. पॅक आमच्या टेबलावर असेल तितके दिवस गिऱ्हाइकाची सायकल बंद राहू नये म्हणून. आण्णा तासावर सायकली द्यायचे तेव्हाची जुनी वही सापडली आहे : नाव, वेळ, परत कधी. तेच रकाने आखले. सहा झाल्या, दोघींचे सेल अजून मोजायचे आहेत.