बरड जमिनीचा हिशेब

हलक्या जमिनीवर झाडं लावायची म्हटलं की सगळे रोपांच्या किमतीपासून सुरुवात करतात. रोपं खरं तर स्वस्त असतात. पैसा जातो तो खड्ड्यांत, पाण्यात, कुंपणात आणि पहिल्या तीन वर्षांच्या राखणीत. माझ्या मुरमाड तुकड्यात फूटभर खाली गेलं की पहार उसळी मारते. खड्डा झाला की मी त्यात घागरभर पाणी ओतते. दुसऱ्या दिवशीही ते साचलेलं दिसलं तर तिथे रोप लावत नाही, मुळं कुजणार. आणि बघता बघता जिरलं तर उन्हाळाभर पाणी घालायची तयारी ठेवावी लागते. ज्या कारणाने जमीन स्वस्त, त्याच कारणाने रोप जगवणं महाग. त्यात मर होते, पुढच्या पावसाळ्यात नांग्या भराव्या लागतात, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावी लागतात. तो खर्च कागदावर क्वचितच दिसतो.

मग थांबण्याची किंमत. जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्येच झाडांच्या हिशेबात व्याज आणि जमिनीचं मोल दोन्ही धरले होते. ८ टक्के व्याज धरलं, तर २५ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम १५ रुपये भरते. ३ टक्क्यांनी ४८. झाडं तीच, लाकूड तेच! म्हणून कर्ज काढून लावणाऱ्याने नुसत्या लाकडाच्या भरवशावर राहू नये असं मला कळकळीने वाटतं. चारा, सरपण, शेंगा, मध असं काहीतरी मधेच हाती यायला हवं.

शिवाय पडीक जमीन रिकामी नसते. तिथलं गवत कुणाची तरी जनावरं खातात. कुंपण घातलं की तो चारा त्यांना विकत घ्यावा लागतो. खर्च आपल्या वहीत दिसत नाही, पण कुणीतरी तो सोसतंच. पाण्याचंही तसंच: दक्षिण आफ्रिकेत बाहेरून आणलेली, फार पाणी पिणारी झाडं काढायला १९९५ मध्ये सरकारी मोहीम सुरू करावी लागली.

उलट पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी जिवंत बुंध्यांचे फुटवे राखून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आणली. ना रोपवाटिका, ना खड्डे.

माझ्याही उताराच्या बाजूला जुने बुंधे आहेत. तिथे यंदा खड्डे काढणार नाही. दर बुंध्याला दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे, आणि गवत कापून न्यायला शेजाऱ्यांना वाट मोकळी ठेवायची, असं ठरवलंय.