कळीतली अळंबी ओळखायला शिकताना

नोकरीनिमित्त पुण्याहून सावंतवाडीजवळच्या एका गावात राहायला आले तेव्हा रानातल्या अळंब्यांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आषाढात बाजारात बायका पानांवर वाटे लावून बसतात. त्यातले कळ्यांचे वाटे सगळ्यात आधी संपतात. पूर्ण उमललेली अळंबी हातात तुटते, तिला पाणी सुटतं, किडेही लवकर शिरतात; कळी घट्ट असते. म्हणजे खाणाऱ्याला हवी कळी, आणि ओळखायला सगळ्यात अवघड तीच. मला ही कळीच शिकायची होती, खाण्यापेक्षा ओळखण्यासाठी.

सुरुवातीला मी पुस्तकं उघडली. ती विचारतात: छत्रीचा रंग कोणता, छत्रीखालच्या पातळ पात्या, म्हणजे कल्ले, देठाला चिकटलेत की सुटे, देठावर कडं आहे का, बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बारीक बियांसारख्या भुकटीचा रंग काय. कळीत यातलं जवळजवळ काहीच तयार नसतं. कल्ले आवरणात मिटलेले, बीजाणू पिकलेले नाहीत, कडं अजून सुटलेलं नाही. शिवाय एकाच जातीची कळी सकाळी तपकिरी आणि दुसऱ्या दिवशी उमलल्यावर फिकी दिसते. पुस्तकातल्या चित्रांत बहुतेक उमललेल्याच छत्र्या असतात.

वाट दाखवली शेजारच्या काकींनी. त्यांच्या काजूच्या बागेत जुनं वारूळ आहे. मातीतून वर आलेलं एक टोक मी उपटायला वाकले तर म्हणाल्या, "बाय, तो कळो हा. फुलांदे, मगे बघू. फाल्या ये." दुसऱ्या दिवशी तिथे अर्धी उघडलेली छत्री होती, त्यानंतर पूर्ण. माझं शिक्षण याच उलट्या क्रमाने झालं: आधी उमललेलीची ओळख पक्की करायची, मग त्याच जागी पुढच्या वेळी तिची कळी कशी निघते ते बघायचं. मी जागेशेजारी काठी रोवायचे आणि रोज त्याच बाजूने, त्याच उंचीवरून फोटो काढायचे. छत्री वरून आणि खालून, देठ, बुंधा, आजूबाजूची माती आणि झाडं, सगळं.

हे जमलं ते वारुळामुळे. ही अळंबी वाळवीच्या शेतातलं पीक आहे. वाळवी जमिनीखाली पाल्यापाचोळ्याचा आणि लाकडाचा चोथा रचून त्यावर बुरशी वाढवते, तीच तिचं अन्न. पावसाने माती भिजली की त्या बुरशीचा देठ माती भेदत वर येतो. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये या नावाने हा गट वेगळा मांडला. वारूळ जिवंत असेपर्यंत अळंबी बहुधा त्याच परिसरात पुन्हा येते, त्यामुळे शिकणाऱ्याला तीच कळी वर्षानुवर्षं पाहता येते. इतर जातींच्या बाबतीत इतकी सोय क्वचितच असते.

या कळीचं टोक गडद, कडक आणि अणकुचीदार असतं, कारण तिला माती फोडायची असते. छत्री उघडल्यावरही मधोमध ते टोक राहतं. पण खरी खूण जमिनीखाली. खुरप्याने बाजूची माती हळूहळू काढत गेलं की देठ संपतच नाही. निमुळता होत मुळासारखा खोल वारुळाकडे जातो. बुंध्याशी वाटीसारखं आवरण नसतं. काकींचा नियम मी वहीत लिहून ठेवला आहे: "जेचा मूळ वारुळात जायत नाय, ती आमची न्हय." मी यात एक भर घालते. वारुळाजवळ दुसरं काही उगवणारच नाही असं नाही, म्हणून नुसती जागा पुरत नाही, मूळ स्वतः उकरून पाहायला हवं. काकींना हे पटतं, फक्त त्यांचा हात इतका सरावलेला आहे की त्यांना उकरावं लागत नाही.

उकरण्याचा आग्रह धरण्यामागे अमानिटा गटाची भीती आहे. या गटात जगातल्या सर्वांत विषारी अळंब्या येतात, आणि त्यांची कळी एका पांढऱ्या आवरणात बंद असते, तिला अंडंच म्हणतात. आवरण फाटून देठ वर आला की आवरणाचा खालचा भाग वाटीसारखा बुंध्याशी राहतो, तोही मातीत. देठ जमिनीलगत मोडला की वाटी खालीच राहते, आणि सर्वांत महत्त्वाची खूण आपण स्वतःच मागे सोडून येतो.

म्हणून कुठलाही पांढरा गोळा दिसला की मी तो बुंध्यासकट काढते आणि उभा चिरते, वरून खाली, बरोबर मधोमध. हे चिरणं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. आत सगळीकडे एकसारखा पांढरा, घट्ट गर असेल तर तो कोवळा पफबॉल, म्हणजे चेंडूसारखी गोल अळंबी. साल जाड आणि आत जांभळट काळा गर असेल तर स्क्लेरोडर्मा, विषारी. आवरणाखाली चिकट जेलीचा थर आणि आत हिरवट गाभा असेल तर ते दुर्गंधी सोडणाऱ्या स्टिंकहॉर्नचं अंडं. आणि चिरलेल्या भागावर छोट्या छत्रीची, कल्ल्यांची, देठाची आकृती दिसली तर अमानिटाची शंका धरायची आणि तिथेच थांबायचं. भाताच्या पेंढ्यावर येणारी खाद्य व्हॉल्व्हेरिएलासुद्धा चिरल्यावर अशीच दिसते. तिचे बीजाणू गुलाबी, अमानिटाचे पांढरे. पण कळीत बीजाणूच नसतात. आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ओळखीची पेंढ्याची अळंबी समजून तिथली डेथ कॅप ही जीवघेणी अमानिटा खाल्ल्याच्या घटना घडल्या आहेत. आपल्या गावच्या ज्ञानावर दुसऱ्या मुलखात विसंबणं किती धोक्याचं, हे वाचून मी खरंच हादरले होते.

पुण्याहून वहिनीने सोसायटीच्या हिरवळीवरच्या कळ्यांचा फोटो पाठवला, "खाता येतील का गं?" म्हणून. ढोलाच्या टिपरूसारख्या, पांढऱ्या, डोक्यावर तपकिरी खवले. मी म्हटलं, "वहिनी, कळीच्या फोटोवरून मी काही सांगणार नाही. खाऊ नकोस. एखाद-दुसरी उमलू दे, मग तिची छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेव आणि वर पातेलं झाक." रात्रभराने कागदावर बीजाणूंचा मळकट हिरवा ठसा उमटला. क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस. हिरवळीवर हमखास येते, कळीत कल्ले पांढरेशुभ्र, आणि खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब. हिरवी छटा यायच्या आत खुडली असती तर कळलंच नसतं. माझ्या मते नवख्याने आधी ठसा घ्यायला शिकावं, मग बाकी सगळं.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण किंवा हळदीचा रंग बदलतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, या परीक्षांवर कृपा करून विसंबू नका. अमानिटातल्या जीवघेण्या विषाला यातलं काहीच लागू पडत नाही आणि ते शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणं साधारण ६ ते १२ तासांनी दिसू लागतात, कधी आणखी उशिरा. मग एखादा दिवस बरं वाटतं, तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. कुणी शंकास्पद अळंबी खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न पाहता उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, सोबत घेऊन रुग्णालय गाठावं.

सध्या आमच्या घरी वारुळाची अळंबीच शिजते, तीही मूळ उकरून पाहिलेली आणि काकींनी होकार दिलेली. वहीत बाकी पानं भरत चालली आहेत. काठीचा क्रमांक, चिरलेल्या कळीचा फोटो, उमललेलीचा फोटो, ठसा. बारीक तपकिरी कळ्यांच्या कितीतरी पानांवर अजून "ओळख नाही" एवढंच लिहिलेलं आहे, आणि त्या जागांवरच्या काठ्या मी काढलेल्या नाहीत.